पार्श्वभूमी : ब्रेक पेडल आणि निळी वायर यांच्यामधली पेटी

अमेरिकेत पिकअपच्या डॅशबोर्डखाली ट्रेलर ब्रेक कंट्रोलर, म्हणजे मागच्या ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकना किती करंट सोडायचा हे ठरवणारी पेटी, बसवणं हे आज चार वायरींचं काम आहे. काळी बॅटरीकडून येते, पांढरी अर्थला जाते, लाल ब्रेक दिव्याच्या स्विचवरून घ्यायची आणि निळी मागे ट्रेलरच्या चाकांपर्यंत न्यायची. काळी-पांढरीबद्दल कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते लाल वायरीवर, कारण पेडल किती जोरात दाबलं हे कळायला कंट्रोलरला एकेकाळी तिची गरजच नव्हती. (आपल्याकडे पिकअपचा माल पाठीवर असतो, त्यामुळे ही पेटी इथल्या गॅरेजात सहसा दिसत नाही. तिचं घर उत्तर अमेरिका, त्याखालोखाल ऑस्ट्रेलिया.)

इलेक्ट्रिक ब्रेक जुने आहेत. १९३० च्या दशकात मोटारीमागे ओढायची फिरती घरं अमेरिकेत लोकप्रिय झाली, तेव्हाच त्यांच्या चाकांत विद्युतचुंबक आले होते. रचना आजही जवळपास तीच आहे. करंट मिळाला की चुंबक फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, आणि त्या ओढीने तरफ हलून ब्रेक शू उघडतात. ब्रेक दाबायची ताकद चाकाच्या फिरण्यातूनच येते, करंट फक्त हुकूम देतो. हुकूम सोडायला तेव्हा स्टिअरिंगच्या दांड्यावर एक हाताची मूठ असे, तिच्या पोटात रिओस्टॅट, म्हणजे करंट कमी-जास्त करणारा रेझिस्टर. मोटारीचे ब्रेक पायाने, ट्रेलरचे हाताने. गाडीची वायरिंग ६ व्होल्टची होती, ती १९५० च्या दशकाच्या मध्यात १२ व्होल्टवर गेली.

पुढच्या पिढीच्या कंट्रोलरने हात मोकळा केला. मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब आणणाऱ्या मुख्य सिलिंडरमधून, निघणाऱ्या ब्रेकच्या नळीला टी-जोड मारायचा आणि एक बारीक नळी डॅशबोर्डखालच्या पेटीत आणायची. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब पेटीतल्या छोट्या पिस्टनला ढकलायचा, पिस्टन रिओस्टॅट सरकवायचा, आणि जितका दाब तितका करंट निळ्या वायरीत जायचा. ट्रेलर हलका असेल तर वाटेत वेगळा रेझिस्टर बसवत, तो तापत असे. बसवण्याचं काम वायरमनचं कमी आणि ब्रेकच्या मेकॅनिकचं जास्त होतं : नळी वाकवा, टोक फुलवा, जोड घट्ट करा आणि शेवटी ब्रेकमधली हवा काढा. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्यीय महामार्गांचं जाळं विणायला सुरुवात झाली, ट्रेलर लांब आणि जड झाले, वेग वाढला. त्या सगळ्या काळात ही पेटी चालली. तिच्यात एक गुण होता जो नंतर कित्येक वर्षं कुणाला सहज मिळाला नाही : ड्रायव्हरच्या पायात किती जोर आहे हे तिला थेट कळत होतं. गाडी उभी असो, चढावर असो, बर्फावर असो.

मग गाडी उत्पादकांनी ही नळी बंद केली. एका दिवशी नव्हे, टप्प्याटप्प्याने. १९६८ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना दोन स्वतंत्र ब्रेक सर्किटं सक्तीची झाली आणि मास्टर सिलिंडर दुहेरी झाले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पिकअपच्या मागच्या चाकांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जखडू न देणारी यंत्रणा, आलं. त्यानंतर मालकाच्या पुस्तिकांमध्ये स्पष्ट लिहून यायला लागलं की ब्रेकच्या हायड्रॉलिक नळीला कुठलाही जोड मारू नये. कारणं खोटी नव्हती. कंट्रोलरचा पिस्टन सरकायला थोडं ऑइल खातो. सर्किट दोन भागांत विभागल्यावर प्रत्येक भागाच्या वाट्याला आधीच कमी ऑइल, त्यातलं हे गेलं की पेडल खाली जातं. जोड गळला तर ट्रेलरबरोबर गाडीचं ते सर्किटही जातं. आणि एबीएस चालू झालं की त्याचे व्हॉल्व्ह दाब झपाट्याने सोडतात आणि पुन्हा भरतात. त्या नळीवर बाहेरचं काही लटकलेलं असेल तर हिशेब बिघडतो.

इथवर उत्पादकांची बाजू पटते. पुढची पटत नाही. नळी बंद करताना तिच्या जागी त्यांनी काहीही दिलं नाही. ट्रेलर ओढण्याची क्षमता जाहिरातींत मोठ्या अक्षरांत मिरवणाऱ्या गाड्यांनी कंट्रोलरसाठी ब्रेकच्या दाबाचा एक साधा विद्युत संकेतही बाहेर काढून दिला नाही. डॅशबोर्डखाली जे उरलं ते ब्रेक दिव्याच्या स्विचचं : पेडल दाबलं आहे किंवा नाही. पायात किती जोर, हा प्रश्नच कंट्रोलरच्या कानावर जाईना. एबीएस आलं तेव्हापासून २००५ पर्यंत, म्हणजे दीड दशकाहून जास्त काळ, हजारो किलोंचे ट्रेलर या हो-नाहीच्या भरवशावर थांबत राहिले. सुरक्षिततेच्या नावाने घेतलेल्या निर्णयाने ट्रेलरच्या ब्रेकची सुरक्षितता कमी केली, असं माझं मत आहे. उलट मत असणारे म्हणतात की गळक्या जोडांनी त्याहून जास्त नुकसान केलं असतं. दोन्हीला आकड्यांचा भक्कम आधार देणं सोपं नाही.

या पोकळीत दोन तऱ्हेच्या इलेक्ट्रॉनिक पेट्या वाढल्या. पहिली टायमरची. लाल वायरीवर करंट आला की ती शून्यापासून तुम्ही ठरवलेल्या मर्यादेपर्यंत ठरावीक गतीने ब्रेक वाढवत नेते. सिग्नलला हळूच थांबताना ट्रेलर मागून हिसका देतो, आणि समोर अचानक हरीण आलं तर तोच ट्रेलर उशिरा जागा होतो, तोवर सगळा भार गाडीच्या ब्रेकवर. जुने लोक अशा वेळी पेटीवरची मूठ हाताने ओढून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावत. ट्रेलर डोलायला लागला तर सावरायलाही हाच उपाय, आणि तो आजही शिकवला जातो. दुसरी पेटी लंबकाची. गाडी मंदावली की आतला लंबक पुढे झुकतो आणि जितका झुकेल तितका करंट सोडतो. ही पेटी गाडीच्या दिशेला सरळ आणि समतल बसवावी लागे, नाहीतर लंबक आधीच झुकलेला. उतारावर तो आपोआप पुढे झुकतो आणि ब्रेक जास्त लागतात, याला काही जण दोष म्हणत, काही गुण. पुढे लंबकाची जागा अ‍ॅक्सिलरोमीटरच्या, म्हणजे वेगातला बदल मोजणाऱ्या, चिपने घेतली आणि समतल करण्याची कटकट बरीच कमी झाली. लंबक आणि चिप या दोन्हींच्या मुळाशी असलेली अडचण मात्र राहिली : गाडी आधी मंदावली पाहिजे, मगच ट्रेलरला कळणार. ती झाकायला पेट्यांवर सुरुवातीचा जोर वाढवणारं वेगळं बटण आलं.

वाट चुकवून जाणारेही होते. एका पेटीत पेडलच्या दांड्याला बारीक केबल बांधून पेडल किती खाली गेलं ते मोजत. दुसऱ्या काहींनी मास्टर सिलिंडरला पुन्हा जोड मारला, पण तिथे दाब मोजणारा विद्युत सेन्सर बसवला, ज्याला ऑइल जवळजवळ लागतच नाही. तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर चोख होतं. पुस्तिकेतली मनाई मात्र तशीच होती, त्यामुळे गिऱ्हाईक मोजकंच राहिलं.

लाल वायरीचे घोटाळे याच काळातले. अमेरिकन गाड्यांत पुष्कळदा मागचा एकच लाल दिवा ब्रेकचं आणि वळणाचं दोन्ही काम करतो. लाल वायर इंडिकेटरच्या स्विचनंतर कुठेतरी जोडली की वळणाच्या प्रत्येक लुकलुकीबरोबर ट्रेलरचे ब्रेक धडधडतात. म्हणून जोड पेडलवरच्या स्विचलाच, आणि तोही दिव्याकडे जाणाऱ्या बाजूला, म्हणजे पेडल दाबल्यावरच जिथे करंट येतो तिथे. टेस्ट लॅम्प लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त विमा. बऱ्याच नव्या गाड्यांत त्या स्विचमधून दिव्याचा करंट जातच नाही, फक्त संगणकाला इशारा जातो. तिथे जुन्या पद्धतीने वायर सोलली तर डॅशबोर्डवर चुकांचे दिवे पेटतात. निळ्या वायरीचाही एक सापळा आहे. मोठ्या एअर ब्रेकच्या ट्रकांच्या सात पिनी प्लगमध्ये निळी म्हणजे ट्रेलरच्या एबीएसचा पुरवठा. रंग पाहून दोन पद्धती एकमेकींत मिसळल्या की ट्रेलरचे ब्रेक सतत लागलेले.

बाकी जोडणीत फार बदल झाला नाही. एका चुंबकाला साधारण ३ अँपिअर लागतात, दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला चार चुंबक, म्हणजे १२ ते १५ अँपिअर, त्यामुळे निळी वायर १२ किंवा १० गेजची हवी. बॅटरीच्या बाजूला सर्किट ब्रेकर, चार चाकांपर्यंत २० अँपिअरचा, त्यावर ३० चा. किती वजनापासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक कायद्याने सक्तीचे, ही रेषा राज्यागणिक वेगळी आहे, पण ३,००० पौंड, म्हणजे सुमारे १,३६० किलो, हा आकडा पुष्कळ ठिकाणी भेटतो. व्यावसायिक ट्रेलर हुकावरून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लागून किमान १५ मिनिटं धरले पाहिजेत, असा संघीय नियम आहे. ते काम ट्रेलरवरची छोटी बॅटरी करते, कंट्रोलर नाही. बोटींच्या ट्रेलरवर बहुधा धक्क्याने चालणारे हायड्रॉलिक ब्रेक असतात, त्यांना ही पेटीच लागत नाही.

२००५ च्या मॉडेलमध्ये एका अमेरिकन उत्पादकाने आपल्या जड पिकअपमध्ये कंट्रोलर कारखान्यातच बसवून दिला. स्पर्धक काही वर्षांत मागोमाग आले. आता गाडीचा संगणक ब्रेकच्या सर्किटमधला दाब स्वतः वाचतो, वेग आणि एबीएसची स्थिती धरून निळ्या वायरीत करंट सोडतो. हायड्रॉलिक पेटीला जे कळत होतं ते पुन्हा कळायला लागलं. मोबदल्यात पेटी गाडीची झाली, मालकाची राहिली नाही. इलेक्ट्रिक संकेतावर हायड्रॉलिक पंप चालवणारे डिस्क ब्रेक काही ट्रेलरांवर असतात. सुरुवातीच्या काही कारखानी कंट्रोलरांना तो पंप म्हणजे ट्रेलरच जोडलेला नाही असं वाटायचं, आणि मालकाने सुधारायचं म्हटलं तर हात घालायला जागा नव्हती. जुन्या किंवा हलक्या पिकअपवाल्यांसाठी डॅशबोर्डखाली तयार प्लग आला, वाहनाप्रमाणे तयार हार्नेस मिळू लागलं, आणि त्यानंतर तर कंट्रोलर थेट मागच्या सात पिनी प्लगमध्ये खोचून फोनवरून चालवण्याची सोय झाली. वायरिंग शून्य. पण आत पुन्हा अ‍ॅक्सिलरोमीटर आणि ब्रेक दिव्याचा संकेत, म्हणजे मंदावण्यावरून अंदाज.

इलेक्ट्रिक पिकअप आल्यावर हा प्रश्न नव्या तऱ्हेने उभा राहिला आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर गाडी मंदावते. ब्रेकचं पेडल कुणी शिवलेलं नसतं, ब्रेकच्या नळीत दाब नसतो, ब्रेक दिवे मात्र ठरावीक मंदावण्यानंतर पेटतात. बाहेरून बसवलेल्या पेटीला लाल वायरीवर मिळतं ते एवढंच, आणि ट्रेलर किती जोरात थांबवायचा हे तिने त्यावरून ठरवायचं.