‘सेहानदो’ तोक्योहून परत आलं, त्यामागची हकिकत

‘सेहानदो’ हे कोरियन चित्रकार किम जोंग-हुई याचं चित्र, १८४४ चं. हिवाळ्यातली चार झाडं, मध्ये एक घर, बाकी कागद मोकळा. कुंचला जवळजवळ कोरडा. घराच्या दाराची आणि छपराची दिशा एकमेकांशी जुळत नाही, पण तिथे नजर अडखळते ती चांगल्या अर्थानं. चित्रकार कोरियाच्या दक्षिणेकडच्या जेजू बेटावर हद्दपारीत होता, घराभोवती काटेरी कुंपण. सत्ता गेल्यावर लोक पांगतात, पण त्याचा दुभाष्या शिष्य बीजिंगहून ग्रंथ पाठवत राहिला. त्यालाच हे चित्र भेट दिलं. शेजारी आखलेल्या चौकटींत पत्र आहे, त्यात कन्फ्यूशियसचं वचन: थंडी पडल्यावरच कळतं, पाइन आणि सायप्रस सर्वांत शेवटी कोमेजतात. शिष्यानं चित्र बीजिंगला नेलं. तिथल्या १६ विद्वानांनी अभिप्राय लिहिले. मूळ चित्र साधारण ७० सेंटिमीटर रुंद, मागाहून जोडलेल्या लेखनासह गुंडाळी १४ मीटरहून लांब.

पुढे मालक बदलत गेले आणि कोरिया जपानची वसाहत असताना ते सोलमध्ये शिकवणाऱ्या एका जपानी प्राध्यापकाकडे आलं. याच चित्रकारावर त्याचा आयुष्यभराचा अभ्यास. निवृत्तीनंतर चित्र त्याच्याबरोबर तोक्योला गेलं. १९४४ साली, विमानहल्ल्यांच्या धास्तीत, एक कोरियन सुलेखनकार चित्र मागायला त्याच्या दारी पोचला आणि नकार मिळत असतानाही रोज जात राहिला. शेवटी प्राध्यापकानं एक पैसाही न घेता चित्र हवाली केलं. मार्च १९४५ च्या हल्ल्यात त्याच्याकडचं बरंचसं अभ्याससाहित्य जळालं. चित्र तिथे असतं तर तेही गेलं असतं.

सहसा सांगितली जाते ती सुलेखनकाराची चिकाटी. ती खरीच. पण मला प्राध्यापकाचा निर्णय जास्त अवघड वाटतो. तो वसाहतवाल्यांच्या बाजूचा माणूस, संग्रहही त्याच सत्तेच्या सावलीत जमलेला, म्हणून त्याला श्रेय देताना हात आखडतो. पण आयुष्यभर अभ्यासलेली वस्तू त्यानं स्वखुशीनं दुसऱ्याच्या हाती दिली, हे त्या आक्षेपानं पुसलं जात नाही. उलट सुलेखनकार पुढे राजकारणात उतरला, पैशाची नड पडली आणि तेच चित्र गहाण पडलं, मग दुसऱ्या संग्राहकाकडे गेलं. १९७४ मध्ये ते राष्ट्रीय ठेवा ठरलं, तरी खासगी हातांतच होतं. २०२० मध्ये त्या घराण्यानं ते देशाला दान केलं.

प्राध्यापकाच्या मुलानं २००६ मध्ये वडिलांकडची उरलेली कागदपत्रं, चित्रकाराचा अखेरचा काळ जिथे गेला त्या कोरियन शहराला देऊन टाकली, वर संशोधनासाठी पैसेही दिले. चित्राच्या हकिकतीत हे एका ओळीत उरकलं जातं, ते योग्य नाही.