सेवा यशस्वी, काम शून्य

पेठेतल्या एका वाचनालयात जुन्या अंकांचं स्कॅनिंग चालू आहे. दिवसभरात झालेली पानं रात्री दोन वाजता लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरची एक सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, आपोआप बाहेरच्या डिस्कवर उतरवते. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली, संध्याकाळी आली, संगणक पुन्हा चालू झाला. तेव्हापासून डिस्कवर एकही नवं पान गेलं नव्हतं, आणि सेवेची स्थिती विचारली की उत्तर यायचं: यशस्वी.

हे उत्तर खोटं नव्हतं, हेच मला महत्त्वाचं वाटतं. आज बहुतेक लिनक्समध्ये अशा सेवा सिस्टिमडी सांभाळतं. 2010 साली आलेला हा प्रोग्रॅम संगणक चालू होताना प्रक्रिया क्रमांक 1 म्हणून उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. पण सेवेबद्दल त्याला कळतं फार थोडं: ती जिवंत आहे का, आणि संपताना तिने कोणता आकडा मागे ठेवला. 0 म्हणजे ठीक, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे बिघाड. पानं कुठे पोचली, याची त्याला काहीच कल्पना नसते.

लिनक्समध्ये बाहेरची डिस्क एखाद्या फोल्डरवर 'माउंट' होते. डिस्क जोडली गेली नाही तरी फोल्डर जागेवर असतोच, रिकामा. त्या गुरुवारनंतर डिस्क माउंट झाली नव्हती. 'डिस्क नसली तरी पुढे चल' अशी सेटिंग असल्याने संगणक तक्रार न करता चालू झाला. सेवेने पानं त्याच रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्याच डिस्कवर कॉपी केली. कॉपी खरोखर झाली होती, म्हणून आकडा 0.

शोध लागला तो 'डीएफ' या साध्या कमांडने. एखादा फोल्डर प्रत्यक्षात कोणत्या डिस्कवर आहे, हे ती सांगते. लॉग, म्हणजे प्रोग्रॅमनी लिहिलेल्या नोंदी, चाळण्याआधी मी नेहमी हेच बघतो: कामाचं फळ जिथे दिसायला हवं तिथे ते आहे का? लॉगवर फार विसंबताही येत नाही. काही संगणकांवर सिस्टिमडीच्या नोंदी फक्त मेमरीत राहतात आणि लाइट गेली की पुसल्या जातात. उपाय एका ओळीचा निघाला. ही सेवा या माउंटवर अवलंबून आहे, असं सिस्टिमडीला लिहून दिलं. आता डिस्क नसेल तर सेवा सुरूच होत नाही, आणि ते अपयश स्थितीत दिसतं.

गप्प राहण्याच्या तऱ्हा आणखीही आहेत. डेटाबेसची प्रत काढणारी कमांड आणि ती दाबून लहान करणारी कमांड पाइपने जोडल्या, म्हणजे एकीचं फलित थेट दुसरीला दिलं, तर कमांड चालवणाऱ्या शेल या प्रोग्रॅमला सहसा शेवटच्या कमांडचाच आकडा दिसतो. पहिली कोसळली तरी दुसरी रिकामी फाइल नीट दाबते आणि 0 देते. 'हाताने चालवलं की चालतं, रात्री चालत नाही' ही तक्रार बहुतेकदा ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉन या प्रोग्रॅमची असते. त्याच्याकडे प्रोग्रॅम शोधायच्या जागांची यादी फार तोकडी असते.

मोठ्यांचंही हे होतं. 31 जानेवारी 2017 रोजी प्रोग्रॅमचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. नेहमीचा बॅकअप शोधायला गेले, तर तो नव्हताच. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा, बॅकअप काढणारा प्रोग्रॅम 9.2 चा, त्यामुळे तो दरवेळी अपयशी ठरत होता. अपयशाच्या ईमेल जात होत्या, पण समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. शेवटी सुमारे सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, म्हणून इतरांना शिकता आलं.

म्हणून 'बिघडलं तर कळव' ही व्यवस्था अपुरी आहे, कळवणाराही बिघडतो. सोसायटीचा वॉचमन रात्री काठी आपटत फिरतो, आवाज थांबला की जाग्या माणसाला शंका येते. सेवेनेही काम झाल्यावर रोज खूण पाठवावी आणि ठरल्या वेळेत ती आली नाही की इशारा वाजावा. खूण पाठवण्याआधी डिस्कवरची नवी पानं मोजावीत, एखादं उघडूनही बघावं. आणि खुणेची वाट पाहणारा प्रोग्रॅम दुसऱ्या जागेच्या संगणकावर असावा. एकाच खोलीत असले तर गुरुवारी दोन्ही एकदमच बंद पडतात.