महाधिवक्ता

राज्य सरकारचा सर्वोच्च विधी अधिकारी. वकील मंडळींत सगळे ‘एजी’च (अ‍ॅडव्होकेट जनरल) म्हणतात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत या तोडीचे पद निवडणुकीने भरतात. भारतात संविधानाच्या अनुच्छेद १६५ नुसार राज्यपाल नेमणूक करतात. नाव अर्थातच मंत्रिमंडळ सुचवते. पात्रता उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची, म्हणजे सहसा तिथली किमान १० वर्षांची वकिली. मुदत ठरलेली नाही. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पद, त्यामुळे सरकार बदलले की एजी बहुधा बदलतो.

उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२व्या वर्षी निवृत्त होतात, मग महाधिवक्ता त्याहून वयस्कर कसा चालतो? हा वाद नागपूर उच्च न्यायालयाने १९५२ मध्येच, करकरे विरुद्ध शेवडे या प्रकरणात, निकाली काढला: वयोमर्यादा हा न्यायाधीशाच्या कार्यकाळाचा भाग आहे, पात्रतेचा नव्हे. तरीही उत्तराखंडात तोच मुद्दा पुन्हा उकरला गेला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ याचिकाकर्त्यांवर १ लाख रुपयांचा खर्च बसवला.

अनुच्छेद १७७ प्रमाणे एजी विधानसभेत आणि विधान परिषदेत बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. राज्य बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा, तो पदसिद्ध सदस्य. मुंबई उच्च न्यायालय महाराष्ट्र आणि गोव्याचे एकच असले, तरी दोन्ही राज्यांचे महाधिवक्ते वेगवेगळे.

सामान्य पक्षकाराचा एजीशी संबंध बहुतेक वेळा न्यायालयाच्या अवमानाच्या निमित्ताने येतो. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याचे कलम १५ सांगते की फौजदारी अवमानाची याचिका खासगी व्यक्तीला करायची असेल, तर आधी महाधिवक्त्याची लेखी संमती हवी. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तर ती लागत नाही. गफलत इथेच होते. आदेश पाळला नाही हा दिवाणी अवमान. त्याला संमती लागत नाही, तरी लोक अर्ज घेऊन येतात. उलट न्यायाधीशांवरील गलिच्छ आरोपांची तक्रार संमतीविना दाखल होते आणि तिथेच अडते. संमतीसाठी धावाधाव उशिरा सुरू केली, तर अवमानाची कारवाई सुरू करण्याची कलम २० ची १ वर्षाची मुदत अंगाशी येते. वारंवार खोडसाळ दावे लावणाऱ्याला आवर घालण्याचा महाराष्ट्राचा १९७१ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखालचा अर्जही एजीनेच करायचा.

या पदाला वजन आले ते माणसांमुळे. मोतीलाल सेटलवाड १९३७ ते १९४२ मुंबई प्रांताचे महाधिवक्ता होते. पुढे ते भारताचे पहिले महान्यायवादी, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वोच्च विधी अधिकारी, झाले. गुलाम वहानवटी यांचीही चढण तशीच: मुंबईतून आधी सॉलिसिटर जनरल (केंद्राचे दुसऱ्या क्रमांकाचे विधी अधिकारी), मग महान्यायवादी. होरमसजी सीरवाई (१९०६–१९९६) मात्र १९५७ ते १९७४ अशी सलग १७ वर्षे मुंबईतच राहिले, आधी मुंबई राज्याचे आणि १९६० नंतर महाराष्ट्राचे एजी म्हणून. केशवानंद भारती खटल्यात (१९७२–७३) ते केरळ सरकारतर्फे उभे राहिले. समोर नानी पालखीवाला, म्हणजे सीरवाईंसारखाच ज्येष्ठ वकील सर जमशेटजी कांगांच्या चेंबरमध्ये घडलेला दुसरा वकील. घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही, हा सीरवाईंचा युक्तिवाद ७ विरुद्ध ६ असा हरला. आणीबाणी पाहिल्यावर त्यांनी आपल्या संविधानावरील ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत मत बदलले आणि मूलभूत चौकटीचा सिद्धांत (संविधानाचा गाभा घटनादुरुस्तीनेही बदलता येत नाही) बरोबर असल्याचे लिहून टाकले.