वाजवून पाहिलेले कृष्णविवर

उन्हाळा तोंडावर आला की मराठवाड्यातल्या आठवडी बाजारांत माठ दिसू लागतात, आणि माठ घेणारा माणूस आधी त्याला बोटाने टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर माठ पक्का. बद्द वाजला तर डोळ्यांना दिसत नसला तरी कुठेतरी तडा आहे. कृष्णविवराची परीक्षाही याच रीतीने होते, कारण तेथे आत डोकावण्याची सोयच नाही.

एखादे वस्तुमान पुरेशा लहान जागेत दाबले गेले की त्याच्याभोवती अशी सीमा तयार होते, जिच्या आतून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. तिला घटना क्षितिज म्हणतात. जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनी आइन्स्टाईनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांना १९१६ साली मांडलेल्या उत्तरानुसार, न फिरणाऱ्या कृष्णविवरात या सीमेची त्रिज्या सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी सुमारे ३ किलोमीटर, तर पृथ्वीएवढ्या वस्तुमानासाठी जेमतेम ९ मिलिमीटर येते. म्हणजे सारी पृथ्वी पोरांच्या खेळातल्या एका गोटीत. वस्तुमान दुप्पट झाले की त्रिज्या दुप्पट होते आणि पृष्ठफळ चौपट. हा हिशेब पुढे लागणार आहे.

१९७० साली भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी कृष्णविवराला गणिताने टिचकी मारली. गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या तरंगांचा, झोत कृष्णविवरावर आदळला तर काय परत येईल, हे त्यांनी संगणकाच्या साहाय्याने काढले, आणि परतणाऱ्या लहरींच्या अखेरीस त्यांना झपाट्याने विरत जाणारा एक ठरावीक स्वर सापडला. टिचकी कशी मारली याच्याशी त्या स्वराच्या वारंवारतेला काही देणेघेणे नसते. ती ठरते केवळ कृष्णविवराच्या वस्तुमानावर आणि परिवलनावर. माठाचा आवाज माती, जाडी, भाजणी अशा कितीतरी गोष्टींनी बदलतो. त्या मानाने कृष्णविवर ही फारच सरळ वस्तू म्हणावी लागेल.

प्रत्यक्ष टिचकी ऐकू आली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होऊन ६२ पटींचे एक उरले, आणि बाकीचे सुमारे तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेले. नव्या कृष्णविवराचा स्वर सुमारे २५० हर्ट्झचा होता आणि तो काही मिलिसेकंदांतच विरला. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये त्यामुळे पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता.

वस्तुमान घटले, तर मग क्षितिजाचे पृष्ठफळही घटले का? स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली सिद्ध केले होते की एकूण पृष्ठफळ कधीच कमी होत नाही. १४ जानेवारी २०२५ रोजी टिपलेल्या, आजवरच्या अत्यंत सुस्पष्ट संकेताने याची कसून तपासणी झाली: आधीचे एकत्रित पृष्ठफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, नंतरचे सुमारे ४ लाख. सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरच्या मराठवाड्याच्या मापाने सांगायचे तर, चारांहून थोडे कमी मराठवाडे एकत्र येऊन सहांहून अधिक झाले. पृष्ठफळ वस्तुमानाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे दोन समान कृष्णविवरे काहीही न गमावता एक झाली असती, तर ते दुप्पटच झाले असते. लहरींनी वस्तुमान नेले आणि परिवलनाने क्षितिज थोडे आक्रसले, तरीही वाढ मोठीच राहिली. याच संकेतात मुख्य स्वराबरोबर लवकर विरणारा आणखी एक स्वर ओळखता आला, आणि दोन्ही स्वर रॉय केर यांनी १९६३ साली शोधलेल्या फिरत्या कृष्णविवराच्या गणिताशी जुळले. तडा सापडला नाही.

आता हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ अशीच ४ किलोमीटर भुजांची वेधशाळा, लायगो-इंडिया, उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. अशा यंत्राला रेल्वेची घरघरही सोसत नाही, आणि किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या या मुलखाला जमीन हलणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच त्यातील आरसे लोलकासारखे एकाखाली एक टांगून जमिनीच्या थरथरीपासून दूर ठेवले जातात.

औंढ्याचा मुख्य उपयोग अंतराचा आहे. लहर कोठून आली हे ती निरनिराळ्या ठिकाणी किती मिलिसेकंदांच्या फरकाने पोहोचते यावरून ठरते, आणि अमेरिकेतील दोन्ही ठिकाणांपासून औंढा दहा हजार किलोमीटरहून दूर आहे. शिवाय अमेरिकेतील दोन्ही यंत्रे जवळजवळ एकाच रोखाने बसवलेली असल्यामुळे त्यांना लहरीच्या दोन प्रकारच्या कंपनांचे बहुतांशी एकच मिश्रण ऐकू येते; इटलीतील व्हर्गो या अशाच वेधशाळेने त्यात भर घातली आहे, पण पृथ्वीच्या गोलाईमुळे वेगळ्याच कलाने असलेली औंढ्याची भुजा आणखी एक मिश्रण टिपेल. त्यावरून विलीन होणाऱ्या कृष्णविवरांची जोडी आपल्याकडे कोणत्या कोनात झुकलेली होती हे अधिक नेमके कळेल, आणि नव्या कृष्णविवराचा कोणता स्वर आपल्यापर्यंत किती जोराने पोहोचायला हवा, हे त्याच कोनावर अवलंबून असते.