बेलिफ शुल्काचा वाद आणि कौन्सिल टॅक्स थकबाकीचा ताळमेळ (इंग्लंड)

इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलचा घरावरचा कर, म्हणजे ‘कौन्सिल टॅक्स’, थकला, की वसुलीसाठी घरी येणाऱ्या एजंटाचे शुल्कही थकबाकीदाराच्याच माथी बसते. या शुल्काचे दर कायद्याने ठरवून दिलेले आहेत. वाद होतो तो दोन गोष्टींवरून : शुल्क लावण्याचा प्रसंग खरोखर आला होता का, आणि मुळात कर किती देणे होता. ‘बेलिफ’ हे नाव रोजच्या बोलण्यात टिकून असले, तरी ६ एप्रिल २०१४ पासून कायद्याच्या भाषेत त्याला ‘एन्फोर्समेंट एजंट’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयाचा बेलिफ हा न्यायालयाचा नोकर असतो. कौन्सिल टॅक्ससाठी इंग्लंडमध्ये दारात उभा राहणारा बेलिफ मात्र बहुधा खाजगी कंपनीचा माणूस असतो, आणि कंपनीची कमाई थकबाकीदाराकडून वसूल होणाऱ्या शुल्कातून होते. भेट झाली तरच मोठे शुल्क मिळते, म्हणून भेट कधी झाली, झाली की नाही आणि होण्याआधी नीट नोटीस गेली होती का, यावरच बहुतेक तंटे उभे राहतात.

कर आणि लायबिलिटी ऑर्डर

कौन्सिल टॅक्स १९९२ च्या कायद्याने आला आणि एप्रिल १९९३ पासून लागू झाला. त्याआधीच्या, माणशी आकारल्या जाणाऱ्या ‘पोल टॅक्स’विरुद्ध १९९० मध्ये लंडनच्या रस्त्यांवर दंगल उसळली होती, तो कर गुंडाळून हा आणला गेला. घरांचे ‘ए’ ते ‘एच’ असे आठ गट असतात आणि इंग्लंडमध्ये ते आजही १ एप्रिल १९९१ च्या किमतींवरून ठरलेले आहेत. आपल्याकडची घरपट्टी मालकाच्या नावावर निघते, हा कर मात्र मुख्यतः राहणाऱ्याच्या, म्हणजे भाडेकरूच्याही, नावावर निघतो. घर खोल्याखोल्यांनी स्वतंत्र करारांवर दिलेले असेल, तर जबाबदारी सहसा मालकावर जाते. भाडेकरू आणि मालक दोघांनीही ‘तो भरत असेल’ असे धरून चालल्यामुळे साचलेली थकबाकी पुष्कळ घरांत आढळते.

बिल सहसा एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत येते. मागितल्यास बारा हप्ते मिळतात. एक हप्ता चुकला की स्मरणपत्र येते आणि सात दिवसांची मुदत मिळते. तीही चुकली, तर आणखी सात दिवसांनी उरलेल्या वर्षाची सगळी रक्कम एकदम देय होते. मार्गाला लागलेला माणूस घसरतो तो इथेच. महिन्याला दीडशे पौंड कसेबसे भरणाऱ्यापुढे एकदम हजार-बाराशेचा आकडा उभा राहतो.

त्यानंतर दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाचे समन्स निघते आणि कौन्सिल ‘लायबिलिटी ऑर्डर’, म्हणजे हा माणूस एवढा कर देणे लागतो असा न्यायालयाचा हुकूम, मागते. तिथे बचाव मोजके : मी या कराला जबाबदार नाही, पैसे भरलेले आहेत, नोटिसा नियमाप्रमाणे दिल्या नाहीत, किंवा रक्कम देय होऊन सहा वर्षे उलटली. ‘पैसे नाहीत’ हा बचाव तिथे चालत नाही. ज्याला कमी उत्पन्नामुळे सवलत हवी आहे त्याने ती कौन्सिलकडे मागायची आणि नाकारली तर व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे (कौन्सिल टॅक्सचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अपील करायचे, ही वाट समन्स येण्याच्या आधीची आहे.

ऑर्डरसोबत कौन्सिलचा खर्चही थकबाकीत मिळवला जातो, आणि हा आकडाही डोळे झाकून मानण्याचा नाही. लंडनमधल्या हॅरिंगे कौन्सिलने लावलेल्या १२५ पौंडांच्या खर्चाला रेव्हरंड पॉल निकल्सन यांनी आव्हान दिले. हा खर्च कसा काढला याची पुरेशी माहिती हाती नसताना दंडाधिकाऱ्यांनी तो मंजूर करणे बेकायदेशीर होते, असा निकाल उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. खर्च ऑर्डर मिळवण्यासाठी खरोखर झालेला आणि वाजवी असला पाहिजे, हे त्यातून पक्के झाले. एका निवृत्त धर्मगुरूने एवढ्या रकमेसाठी उच्च न्यायालय गाठले, ही या क्षेत्रातली फार मोलाची गोष्ट आहे.

शुल्काचे टप्पे

लायबिलिटी ऑर्डर हाती आल्यावर कौन्सिल पगारातून कपात, सरकारी भत्त्यातून कपात किंवा जप्ती यांपैकी मार्ग निवडते. जप्तीचा मार्ग २००७ च्या कायद्याच्या बाराव्या परिशिष्टाने, २०१३ च्या जप्ती नियमांनी आणि २०१४ च्या शुल्क नियमांनी आखला आहे. त्याआधीची पद्धत विस्कळीत होती. पहिल्या भेटीचे २४ पौंड ५० पेन्स, दुसरीचे १८ पौंड, वर गाडीभाडे आणि किरकोळ खर्च. न झालेल्या भेटी कागदावर दाखवल्याच्या तक्रारी त्या काळात सतत होत.

२०१४ च्या नियमांनी तीन टप्पे ठरवले. प्रकरण कंपनीकडे सोपवले गेले की ७५ पौंड. एजंट पहिल्यांदा दारात आला की २३५ पौंड, अधिक १,५०० पौंडांवरील कर्जाच्या साडेसात टक्के. सामान विकण्याची कारवाई सुरू झाली की ११० पौंड आणि तेच टक्के. उदाहरणार्थ, कर आणि न्यायालयीन खर्च मिळून १,८६० पौंड देणे असेल, तर पहिल्या भेटीनंतर त्यात ७५, २३५ आणि वरच्या ३६० पौंडांवरचे २७ मिळवून २,१९७ पौंड होतात. एजंटाला घरात घेतले नाही, दार उघडलेच नाही, तरी भेटीचे शुल्क लागते. एजंट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आला म्हणून मात्र ते पुन्हा लागत नाही.

भेटीआधी ‘नोटीस ऑफ एन्फोर्समेंट’ द्यावी लागते आणि मध्ये सात पूर्ण दिवस जावे लागतात. नोटीस दिल्याचा दिवस, भेटीचा दिवस, रविवार आणि बँक-सुट्ट्या मोजायच्या नाहीत. सोमवारी १ तारखेला दिलेल्या नोटिशीनंतर एजंट लवकरात लवकर बुधवारी १० तारखेला येऊ शकतो. ९ तारखेला आला, तर त्या भेटीचे २३५ पौंड वादात टिकणे अवघड. नोटीस माणूस जिथे राहतो तिथे जायला हवी, आणि शुल्काचे तंटे सर्वाधिक इथेच होतात. घर बदललेले असते, कौन्सिलला कळवलेलेही असते, पण नोटीस जुन्या पत्त्यावर आणि बेलिफ नव्या पत्त्यावर, असे घडते.

दुसरी नेहमीची चूक एकाहून अधिक ऑर्डरींची. दोन वर्षांच्या करासाठी दोन ऑर्डरी असतील, तर ७५ पौंड प्रत्येकीला लागू शकतात. पण दोन्ही प्रकरणे एकाच कंपनीच्या हाती असतील, तर शक्य तिथे कारवाई एकत्र करून भेटीचे २३५ पौंड एकदाच लावायचे, असा नियम आहे. ६२० आणि ५४० पौंडांच्या दोन ऑर्डरींवर एकूण शुल्क ३८५ पौंड व्हायला हवे. शुल्कच ६२० पौंड लावलेले दिसले तर भेट दोनदा मोजली आहे.

तिसरी बाब दुर्बल व्यक्तींची : आजारी, अपंग, मानसिक व्याधीने त्रस्त, नुकताच कुणी जवळचा गेलेला, इंग्रजी न समजणारा. अशा माणसाला सल्ला आणि मदत मिळवण्याची पुरेशी संधी न देता एजंटाने सामान उचलण्याकडे पाऊल टाकले, तर त्याला भेटीचे शुल्क घेता येत नाही. शुल्क नियमांतला हा नियम क्रमांक १२ फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि तो ठाऊक नसल्यामुळे सर्वांत हतबल माणसांकडूनच शुल्क निमूटपणे वसूल होते.

जप्तीलाही मर्यादा आहेत. वेळ सकाळी सहा ते रात्री नऊ. कौन्सिल टॅक्ससाठी पहिल्या भेटीत दार फोडून किंवा ढकलून आत येता येत नाही. घरात फक्त सोळा वर्षांखालील मूल असेल तर आत जाता येत नाही. पलंग-बिछाने, शेगडी, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र, फोन आणि १,३५० पौंडांपर्यंतची धंद्याची हत्यारे उचलता येत नाहीत.

हिशेब जुळवणे

शुल्काशी भांडण्याआधी कराचा हिशेब जुळवावा, कारण मूळ देणेच चुकीचे ठरले तर वरचे शुल्क आपोआप डळमळते. कौन्सिलकडे प्रत्येक आर्थिक वर्षाचे खाते वेगळे असते. प्रत्येक वर्षाची बिले, त्यात झालेले फेरबदल, मिळालेल्या सवलती, भरलेल्या रकमा, न्यायालयीन खर्च आणि ऑर्डरीच्या तारखा मागून घ्याव्यात आणि बँकेच्या उताऱ्याशी एकेक ओळ ताडून पाहावी. घोटाळा बहुधा पैसे कुठल्या वर्षात जमा झाले यात असतो. माणूस जुनी थकबाकी समजून भरतो, कौन्सिल ते चालू वर्षात टाकते आणि जुनी ऑर्डर तशीच उभी राहते. म्हणून पैसे भरतानाच ते कुठल्या वर्षासाठी आहेत हे लेखी कळवावे.

कंपनीकडे भरलेल्या पैशांचे गणित आणखी वेगळे. वसुली पूर्ण नसेल तर आधी ७५ पौंड वळते होतात आणि उरलेली रक्कम कर्ज आणि बाकीचे शुल्क यांत प्रमाणशीर वाटली जाते. ६२० पौंडांच्या थकबाकीवर भेट झाल्यानंतर पहिले १०० पौंड भरले, तर कराच्या खात्यात जेमतेम १८ पौंड पडतात. ‘शंभर भरले, मग बाकी ५२० का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर हेच. थेट कौन्सिलच्या संकेतस्थळावर पैसे भरले की बेलिफचे शुल्क नाहीसे होते, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे. नियमाप्रमाणे आधीच लागू झालेले शुल्क केवळ त्यामुळे रद्द होत नाही, आणि कंपनी त्यासाठी पुन्हा दारात येऊ शकते.

दाद कुठे मागायची

पहिली पायरी कंपनीकडे लेखी तक्रारीची. प्रकरण कधी सोपवले, नोटिशीची प्रत, ती कुठल्या पत्त्यावर आणि कशी दिली, भेटीची वेळ, एजंटाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण, हे सगळे माहिती-संरक्षण कायद्याखाली मागता येते आणि उत्तर साधारण एका महिन्यात द्यावे लागते. तक्रारीची प्रत कौन्सिललाही पाठवावी. एजंट कौन्सिलच्या वतीने वागत असतो, त्यामुळे ‘आता कंपनीशी बोला’ म्हणून कौन्सिलला हात झटकता येत नाहीत. समाधान झाले नाही, तर लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येते. सहसा घटना कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत. यासाठी पैसे पडत नाहीत. २०२२ मध्ये स्थापन झालेले एन्फोर्समेंट कंडक्ट बोर्डही या उद्योगावर देखरेख ठेवते.

न्यायालयाचे दोन मार्ग आहेत. शुल्काची रक्कम दिवाणी प्रक्रिया नियम ८४.१६ खाली न्यायालयाकडून तपासून घेता येते. आणि एजंटाचे वर्तनच गैर असेल, तर त्याला प्रमाणपत्र देणाऱ्या काउंटी कोर्टाकडे तक्रार करता येते. प्रमाणपत्र दोन वर्षांचे असते आणि त्यासाठी एजंटाला १०,००० पौंडांचे तारण ठेवावे लागते, त्यातून नुकसानभरपाई निघू शकते. मात्र निराधार तक्रारीचा खर्च तक्रारदारावर येण्याचा धोका असतो, म्हणून तिथे कागद जुळवूनच जावे. गाडीला जॅमर लागला असेल, ती उचलण्याची वेळ आली असेल, तर लेखी हरकत नोंदवून पैसे भरणे आणि नंतर परतावा मागणे अनेकदा परवडते.

दम घ्यायला जागा हवी असेल, तर ४ मे २०२१ पासूनची ‘ब्रीदिंग स्पेस’ योजना आहे. कर्ज-सल्लागारामार्फत ती घेतली की साठ दिवस बेलिफची कारवाई थांबते. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, स्टेपचेंज आणि नॅशनल डेटलाइन इथे सल्ला फुकट मिळतो. अगदीच हलाखी असेल, तर १९९२ च्या कायद्याच्या कलम १३-ए खाली कर कमी किंवा माफ करण्याचा अधिकार कौन्सिलला आहे. तो मागावा लागतो.

महाराष्ट्रातून गेलेले विद्यार्थी

पुणे-मुंबईहून इंग्लंडला शिकायला जाणाऱ्यांना हा विषय अभ्यासक्रम संपल्यावर गाठतो. ज्या घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी आहेत त्या घराला हा कर माफ असतो. विद्यार्थ्याबरोबर आलेल्या पती किंवा पत्नीच्या व्हिसावर नोकरीची किंवा सरकारी भत्त्यांची बंदी असेल, तर त्यांनाही मोजत नाहीत. पण माफी आपोआप लागत नाही. विद्यापीठाचे प्रमाणपत्र कौन्सिलला द्यावे लागते. तिघे मित्र एका फ्लॅटमध्ये राहत असतील आणि एकाचा अभ्यासक्रम संपून तो ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर नोकरीसाठी राहू देणाऱ्या परवान्यावर) नोकरीला लागला, तर त्या दिवसापासून बिल त्याच्या एकट्याच्या नावावर निघते. विद्यार्थी मित्र जबाबदार नसतात. अशा वेळी २५ टक्के सवलत मिळते आणि ती बिनधास्त घ्यावी, कारण एकट्याची सवलत किंवा विद्यार्थ्यांची माफी व्हिसाच्या नियमांत सरकारी मदत धरली जात नाही. कमी उत्पन्नाची ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’ मात्र धरली जाते, आणि ती मागितल्याने व्हिसाची अट मोडू शकते.

माफी असताना प्रमाणपत्र न दिल्यामुळे लायबिलिटी ऑर्डर निघाली असेल, तरी वाट बंद होत नाही. प्रमाणपत्र मागील तारखेसाठीही देता येते. ऑर्डर निघायलाच नको होती हे पटले, तर कौन्सिलने स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे जाऊन ती रद्द करून घेण्याची तरतूद १९९२ च्या वसुली नियमांत ३६-ए क्रमांकाने आहे. ऑर्डर रद्द झाली की जप्तीचा आधारच जातो, आणि प्रकरण कंपनीकडून मागे घेऊन तोवर भरलेले शुल्क परत करण्याची मागणी कौन्सिलकडे लेखी करता येते.