जवानांच्या जेवणाची तक्रार जाते कुठे? : पार्श्वभूमी

जानेवारी 2017 मध्ये नियंत्रण रेषेवर तैनात असलेल्या सीमा सुरक्षा दलाच्या (बीएसएफ) एका जवानाने करपलेला पराठा आणि नुसत्या हळद-मिठाची पातळ डाळ मोबाइलवर दाखवली. जेवण खरंच असं असतं का, हा प्रश्न दोन-चार दिवस टिकला. मग वर्दीतल्या माणसाने हे असं उघड्यावर मांडावं का, यावरच वाद सुरू झाला आणि डाळ मागे पडली. सैन्याच्या अन्नाचा इतिहास चाळला तर असं आधीही झालेलं दिसतं.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात छावणीतल्या देशी शिपायाला सरकार जेवू घालत नसे. तो सदर बाजारातून पीठ-डाळ विकत घ्यायचा आणि आपली चूल आपण मांडायचा. त्यामुळे तक्रार असे ती भत्त्याची आणि बाजारभावाची. पहिल्या महायुद्धात हे निभलं नाही. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात मेसोपोटेमियात (आजचा इराक) कूटच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली होती. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. ताजी भाजी नाही, घोड्याचं मांस अनेकांना निषिद्ध. हिंदी शिपाई स्कर्व्हीने, म्हणजे ताज्या अन्नाअभावी होणाऱ्या रोगाने, खचत गेले. 1917 मध्ये शिपायांना शांततेच्या ठाण्यांवरही मोफत शिधा मिळू लागला, आणि ताटात काय पडतं याची जबाबदारी पहिल्यांदाच सरकारवर आली.

या जबाबदारीची खरी कसोटी लागली मुंबईत, 18 फेब्रुवारी 1946 रोजी. कुलाब्याच्या ‘तलवार’ या सिग्नल प्रशिक्षण तळावरच्या नाविकांनी न्याहारी नाकारली आणि ‘अन्न नाही तर काम नाही’ असं जाहीर केलं. युद्धापूर्वी जेमतेम दोन हजारांच्या आत असलेलं नौदल युद्धकाळात कित्येक पटींनी वाढलं होतं. त्यात शिकलेले, शहरी तरुण आले होते. त्यांना चांगल्या नोकरीची आश्वासनं मिळाली होती. प्रत्यक्षात निकृष्ट जेवण, गोऱ्या नाविकांपेक्षा कमी पगार आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या वाट्याला आल्या. त्यांनी आधी रीतसर मार्ग धरला होता, हे विसरलं जातं. कमांडिंग अधिकाऱ्याच्या शिवीगाळीविरुद्ध काहींनी लेखी तक्रारी दिल्या. त्या नियमाप्रमाणे वर गेल्या आणि फिरून त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर आल्या.

इथून पुढचा वाद आजही मिटलेला नाही: हा उठाव जेवणाचा होता की स्वातंत्र्याचा? वसाहतीच्या सरकारला त्यात राजकीय चिथावणी दिसली. नेमलेल्या चौकशी आयोगापुढे मात्र जेवण, पगार, वर्णभेद, सैन्यातून मोकळं करण्यातला उशीर ही सगळी गाऱ्हाणी आली आणि त्यांची दखल घ्यावी लागली. स्वातंत्र्यानंतरच्या गौरवकथांनी उलट टोक गाठलं. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा माघारी बोलावणं या मागण्या ठळक झाल्या. खराब जेवण हे जणू निमित्त होतं, असं सांगितलं जाऊ लागलं. एवढ्या मोठ्या घटनेच्या मुळाशी डाळ असणं कमीपणाचं वाटलं असावं. माझ्या मते दोन्ही बाजूंनी नाविकांवर अन्याय केला. त्यांच्या मागण्यांच्या यादीत चांगलं जेवण आणि कैद्यांची सुटका शेजारी शेजारी होत्या. एकाच बंदरात गोऱ्यासाठी एक स्वयंपाक आणि काळ्यासाठी दुसरा, हे रोज तीनदा अनुभवणाऱ्याला राजकारण वेगळं शिकवावं लागत नाही.

सरकारलाही अन्नाचं मोल नेमकं कळत होतं. उठाव पसरल्यावर बराकींचं अन्न-पाणी तोडण्यात आलं. तेव्हा गेटवे ऑफ इंडियापाशी मुंबईकर डबे, फळं, पाव, दूध घेऊन आले. इराण्यांनी आणि दुकानदारांनी पैसे घेतले नाहीत. 23 फेब्रुवारीला राष्ट्रीय नेत्यांच्या सल्ल्याने नाविकांनी शरणागती पत्करली. सूड घेतला जाणार नाही, असा शब्द होता. तरीही शेकडो जणांना घरी पाठवलं, आणि स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतलं नाही.

स्वातंत्र्यानंतर व्यवस्था बदलली, तक्रारीची वाट मात्र फारशी बदलली नाही. लष्करात शिधा वस्तुरूपात येतो: कोरडा माल केंद्रीय खरेदीतून, भाजी-फळं-मांस स्थानिक कंत्राटदाराकडून. निमलष्करी दलांत जवानाला रेशनचा भत्ता मिळतो आणि तो एकत्र करून मेस चालते. नियंत्रण रेषेवर मात्र निमलष्करी तुकड्या लष्कराच्या हुकमतीखाली असतात आणि त्यांचं रेशनही लष्करी गोदामातून येतं. खरेदी एकाची, साठवण दुसऱ्याची, लंगर, म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, तिसऱ्याच्या हाती. डाळ पातळ झाली तर ती नेमकी कुठे पातळ झाली, हे जेवणाऱ्याला कळायला मार्ग नाही. त्यात कायद्याने या दलांतल्या माणसांच्या संघटना बांधण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर बंधनं घातली. उरते ती अधिकाऱ्यांनी जवानांची घेतलेली सभा, दरबार किंवा सैनिक संमेलन, म्हणजे ज्यांच्या देखरेखीखाली लंगर चालतो त्यांच्याचसमोर उभं राहून बोलणं.

सरकारी लेखापरीक्षणाने (कॅग) 2010 च्या अहवालात लष्कराच्या रेशन साखळीवर बोट ठेवलं होतं. ताज्या मालाच्या निविदांत स्पर्धा नावापुरती होती. मुदत संपलेल्या मालाला मुदतवाढ देऊन तो जवानांना खाऊ घातला जात होता. हे कागद संसदेसमोर होते, व्हिडिओच्या कितीतरी आधी.

तरीही 2017 मध्ये गृह खात्याचं म्हणणं पडलं की रेशनची टंचाई नाही. लष्करप्रमुखांनी तक्रारपेट्या ठेवण्याची घोषणा केली, व्हॉट्सॲप क्रमांकही सुरू झाला. त्याच आठवड्यात सैन्यदिनाच्या भाषणात समाजमाध्यमांवर तक्रार करणाऱ्याला शिक्षा होऊ शकते, असंही बजावण्यात आलं. एप्रिलमध्ये दलाच्या न्यायालयाने त्या जवानाला बडतर्फ केलं. खोटे आरोप करणं, ड्यूटीवर मोबाइल बाळगणं आणि गणवेशातली छायाचित्रं टाकणं हे त्याचे गुन्हे ठरले. जुलैमध्ये संसदेत लेखापरीक्षकांचा पाठपुरावा अहवाल मांडला गेला. रेशनबाबत 2010 मध्ये सुचवलेल्या अनेक सुधारणा तोपर्यंत झालेल्या नव्हत्या.