झोपाळ्याने उडवलेली गाडी

दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जेवण झालं की लॅपटॉप उघडून ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 4’ लावायचा. हा खेळ 2008 सालचा, तेव्हा हा पोरगा बालवाडीतही नव्हता. मला वाटलं, गोळीबार चालला असेल. जाऊन बघतो तर साहेब बागेतल्या झोपाळ्यात गाडी नेऊन घालतायत. गाडी दांड्यांत अडकली, क्षणभर थरथरली आणि तोफेतून सुटल्यासारखी इमारतींवरून पलीकडे गेली. भाचा पोट धरधरून हसला, रस्त्यावरची दुसरी गाडी पळवून आणली आणि पुन्हा तेच. तासभर! मिशन-बिशन काही नाही.

आईचं निदान: पोराला दृष्ट लागलीय, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका. बहिणीचं निदान: डोपामाइन वाढलंय, तिने रीलमध्ये पाहिलंय. मला दोन्ही निदानं एकाच जातकुळीतली वाटतात. डोपामाइन म्हणजे मेंदूतला आनंदाचा रस, ही समजूत आता इतकी पसरलीय की चहात साखर जास्त पडली तरी लोक तेच नाव घेतात. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग वेगळंच सांगतात. खूण दिसली की फळांचा रस मिळतो, हे माकडाला पाठ झालं की रस मिळताना डोपामाइनच्या पेशी शांतच असतात. ध्यानीमनी नसताना रस आला तर त्या उसळतात आणि ठरलेला रस चुकला तर नेहमीपेक्षाही मंदावतात. म्हणजे त्या मोजतात ती अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली तफावत.

झोपाळ्याची गंमत नेमकी इथे आहे. गाडी उडणार हे भाच्याला ठाऊक असतं, पण कुठे, किती उंच, उलटी की सुलटी, हे त्याला सांगता येत नाही. आणि ते कुणी लिहूनही ठेवलेलं नाही. ते आकडेमोडीतून निपजतं. मला डोपामाइनपेक्षा ही आकडेमोड जास्त आवडते, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

कम्प्युटरच्या जगात काळ वाहत नाही, उड्या मारतो. समजा, सेकंदाला 30 वेळा हिशेब होतो. गाडी ताशी 108 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला 30 मीटर जातेय. मग दोन हिशेबांमध्ये ती एक मीटर सरकते. झोपाळ्याचा खांब असेल 10 सेंटिमीटर जाडीचा. या हिशेबात गाडी खांबाच्या अलीकडे आहे आणि पुढच्या हिशेबात खांब थेट बॉनेटच्या आत! खऱ्या जगात असं होत नाही, तिथे पत्रा आधी चेपतो. इथे मात्र बहुतेकदा दोन घन वस्तू एकमेकींत घुसल्यावरच कम्प्युटरला टक्कर झाल्याचं कळतं. मग तो चूक निस्तरायला गाडीला बाहेर ढकलतो.

हे ढकलणंच अंगाशी येतं. हालचालीचं गणित करण्याची एक जुनी, देखणी रीत आहे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लू व्हर्ले यांनी 1967 साली ती आर्गॉनच्या 864 कणांच्या हालचाली काढायला वापरली. तीत वेग वेगळा लिहून ठेवायचाच नाही. वस्तू आत्ता कुठे आहे आणि मघाशी कुठे होती, एवढंच लक्षात ठेवायचं. दोन्हींतलं अंतर हाच वेग. तेवढंच अंतर पुढे टाकायचं, गुरुत्वाकर्षणाचा वाटा मिळवायचा, झालं.

आता या रीतीत गाडी एक मीटर आत घुसलीय म्हणून तिला उचलून एक मीटर वर ठेवली. मघाशी ती खाली होती, आत्ता एक मीटर वर आहे, मधला काळ सेकंदाचा तिसावा भाग. पुढच्या हिशेबाला वाटतं, ही तर सेकंदाला 30 मीटर वेगाने वर निघालीय! शाळेतलं उंचीचं सूत्र आठवा: वेगाचा वर्ग भागिले g ची दुप्पट. 900 भागिले 19.6, म्हणजे सुमारे 46 मीटर. पंधरा मजली इमारत. फक्त जागा दुरुस्त करायला गेलो आणि फुकटची ऊर्जा जन्माला आली. एवढ्यात दुसरा दांडा लागला की पुन्हा दुरुस्ती, पुन्हा फुकटची ऊर्जा. ती थरथर म्हणजे हीच.

सगळे खेळ व्हर्लेची रीत वापरत नाहीत. वेग वेगळा ठेवणाऱ्या रीतींतही घुसणं आणि ढकलणं चुकत नाही, फक्त फुकटच्या ऊर्जेचा हिशेब निराळ्या खात्यात लागतो. शहाणे प्रोग्रॅमर ढकलण्यावर मर्यादा घालतात. झोपाळ्यासारखे साखळ्या-सांधे असलेले प्रकार तरीही दगा देतात, कारण एक सांधा जुळवला की शेजारचा निखळतो.

आता तफावतीकडे या. हिशेबाच्या क्षणी खांब एक मीटरच्या त्या टप्प्यात नेमका कुठे सापडेल, हे गाडी कुठून निघाली त्यातल्या वीतभर फरकावर ठरतं. त्यावरून किती घुसली, कुठे ढकलली, सगळं बदलतं. नियम पक्के, निकाल फाशांसारखा. नुसते फासे टाकले असते तर भाचा पाच मिनिटांत कंटाळला असता.

व्हर्लेच्या त्याच युक्तीने थॉमस याकोबसेन यांनी 2000 सालच्या ‘हिटमॅन’ या खेळात कापडी बाहुलीसारखी कोसळणारी माणसं बनवली: काही बिंदू, त्यांना जोडणाऱ्या न ताणणाऱ्या काड्या, बस्स. आमच्या पिढीने सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतलीच ‘व्हाइस सिटी’ खेळली, पण मिशन किती जणांनी संपवली? ‘पँझर’ टाइप करून रणगाडा मिळवायचा आणि रस्त्यावर काय काय होतं ते बघायचं, हाच खेळ.

मुळात ही मालिकाच चुकीवर उभी आहे. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डीएमए डिझाइन या कंपनीत ‘रेस अँड चेस’ नावाचा बेताचाच खेळ बनत होता. त्यातल्या पोलिसांच्या गाड्यांना वाट शोधताना खेळाडूची गाडी मधे आहे हे धड कळेना, त्या तिच्या आरपार जायला बघू लागल्या. खेळून पाहणाऱ्यांना तेच आवडलं. 1997 साली तो ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ म्हणून बाजारात आला. (हिंसेची काळजी रास्त आहे, पण 2019 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हजारभर ब्रिटिश किशोरांचा अभ्यास केला, त्यात हिंसक खेळ आणि आक्रमक वागणं यांचा संबंध सापडला नाही. तरी हे खेळ मोठ्यांसाठीच आहेत, डब्यावर तसं छापलेलं असतं.)

भाच्याला एवढं सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मामा, म्हणजे सेकंदाला जास्त वेळा हिशेब केला तर गाडी उडणार नाही?” कमी घुसेल, हे खरं. पण या खेळात तेही महागात पडतं. शेवटच्या मिशनमध्ये नायक हेलिकॉप्टरला लटकतो आणि बटण भराभर दाबून त्याला वर चढवायचं असतं. वेगवान कम्प्युटरवर फ्रेम, म्हणजे सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रं, साठाच्या पुढे गेल्या की बोटं दुखेपर्यंत दाबलं तरी तो लटकलेलाच राहतो. मग लोक सेटिंगमध्ये जाऊन फ्रेम पुन्हा 30 वर बांधतात.